बरणी वर येईना: लातूरच्या स्वयंपाकघरातून सुस्त खमिराची तपासणी

एप्रिल संपत आला की मला फोन यायला लागतात. "काकू, तुम्ही दिलेलं खमीर गेलं बहुतेक." पाठोपाठ बरणीचा फोटो येतो: तळाशी राखाडी लगदा, वर दोन-चार बुडबुडे. डिसेंबरात हेच फोन परत. आणि मध्येच, ना उन्हाळा ना हिवाळा, एखादा दिवस असा उजाडतो की कालपर्यंत टुणटुणीत असलेली माझीच बरणी ढिम्म हलत नाही.

सहा वर्षं झाली, मी घरी खमिराचा ब्रेड करते. ओळखीच्या पंधरा-वीस घरांत बरणी वाटली आहे. एवढ्या काळात खरोखर मेलेलं खमीर मी दोनदाच पाहिलं. एक जण उबेसाठी ओव्हनमध्ये ठेवून विसरली आणि घरातल्या दुसऱ्या कुणी आत न बघता ओव्हन लावला. दुसरं गुलाबी पडलं होतं, त्याचं पुढे सांगते. बाकी सगळी जिवंत होती. कुठलं उपाशी, कुठलं गारठलेलं, कुठलं पाण्यानं गुंगलेलं. नवीन मागायला येण्याआधी आपलं कुठलं आहे एवढं बघून घ्या.

खमीर हा शब्द अरबीतून उर्दूत आणि तिथून आपल्याकडे आला. नव्या मंडळींना 'सावरडो स्टार्टर' म्हटलं की लवकर कळतं. वस्तू तीच: पीठ, पाणी आणि त्यात आपसूक वाढलेले यीस्ट नि आंबट करणारे जिवाणू. आमच्या घरात त्याला नुसतं 'बरणी' म्हणतात. रोज थोडं जुनं ठेवून त्यात ताजं पीठ-पाणी कालवायचं, हेच त्याला 'खाऊ घालणं'. माझं रोजचं माप २० ग्रॅम जुनं, ५० ग्रॅम पीठ, ५० ग्रॅम पाणी. पीठ निम्मं गिरणीतलं गव्हाचं, निम्मा मैदा. स्वयंपाकघरात २५-२६ अंश असतील तर पाच-सहा तासांत दुप्पट होतं. हे वजनकाट्यावर मोजते, वाटीनं नाही. गच्च भरलेली पिठाची वाटी आणि चाळून भरलेली वाटी यांत एवढा फरक पडतो की पुढचं सगळं निदानच चुकतं.

पहिल्यांदा काचेवरची रेघ बघा

माझ्या सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, कधी ब्रेड केला नाही आणि खायलाही फारसा आवडत नाही. पण बरणीचं सगळ्यात उपयोगाचं निदान त्यांनीच शिकवलं. पहिल्या उन्हाळ्यात मी सकाळी सातला खाऊ घालून शाळेत जायची, दुपारी दोनला येऊन बघायची. बरणी जिथल्या तिथे. चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "काच बघ की अगुदर. वरपत्तोर माखलीया. ते येऊन गेलंय, तूच नव्हतीस."

बरणी उजेडाकडे धरली तर खरंच, मिश्रणाच्या वर तीन बोटं पिठाची वाळत आलेली रेघ होती. दहा-साडेदहालाच ते दुप्पट झालं असणार. खायला काही उरलं नाही म्हणून साडेअकरापर्यंत खाली बसलं आणि दोन वाजता मी येऊन त्याला आळशी म्हणत होते.

तेव्हापासून खाऊ घातलं की मी मिश्रणाच्या उंचीवर बरणीला रबर लावते आणि शेजारी खडूनं वेळ लिहिते. कुणाचा फोन आला की पहिला प्रश्न हाच विचारते: रेघ आहे का? रेघ असेल तर ते फुगून बसलंय, म्हणजे उपाशी आहे. रेघ नसेल तर फुगलंच नाही, म्हणजे गारवा, अति उकाडा, पाणी किंवा पीठ. उपाशी आणि गारठलेल्या बरणीचा इलाज एकमेकांच्या उलट आहे. उपाशी बरणीला 'थंडी वाजत असेल' म्हणून उबेला ठेवणारे खूप आहेत. त्यानं ती आणखी लवकर उपाशी पडते.

दुसरी खूण वास. ताकासारखा, पिकलेल्या फळासारखा आंबूस वास म्हणजे ठीक. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा किंवा नाकाला झोंबणारा व्हिनेगरचा वास म्हणजे पोटात काही नाही. वर काळपट पाणी सुटलं असेल तर तीच गोष्ट. ते पाणी पाहून घाबरायचं कारण नाही. ओतून टाका किंवा ढवळून घ्या. आणि कच्च्या पिठाचाच वास येत असेल तर अजून काही सुरूच झालेलं नाही.

मे महिना

इथे थोडी थांबते, कारण आपल्याकडच्या नव्वद टक्के तक्रारी इथल्या आहेत आणि परदेशी व्हिडिओंत हे सापडत नाही. त्यांची अडचण थंड स्वयंपाकघराची. ते सांगतात, उबदार जागा शोधा. लातूरला मे महिन्यात दुपारी तीन वाजता उबदार नसलेली जागा शोधावी लागते.

खमिरात दोन बिऱ्हाडं राहतात. यीस्ट हवा भरतं, फुगवतं. लॅक्टिक जिवाणू मुख्यतः आंबट करतात. दोघांना उकाडा सारखा सोसत नाही. सावरडोमधल्या नेहमीच्या यीस्टची वाढ २७ अंशांच्या आसपास सगळ्यात जोरात असते आणि ३५-३६च्या पुढे जवळजवळ थांबते. जिवाणूंना ३२-३३ अंश आवडतात आणि त्यातले काही चाळिशीतही काम करत राहतात. आता आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. बाहेर ४१, वर पत्रा किंवा तापलेला स्लॅब, शेजारी कुकर. बरणीत ३७-३८ अंश सहज होतात. फुगवणारा गडी बसून राहतो, आंबट करणारा कामाला लागतो. संध्याकाळी हातात येतं ते आंबट, पातळ, न फुगलेलं पीठ. तुम्हाला वाटतं यीस्ट मेलं. ते मेलेलं नसतं. यीस्ट मरायला पन्नाशीच्या पुढची उष्णता लागते. ते फक्त थांबलेलं असतं.

वर आणखी एक होतं. आंबटपणा फार वाढला की गव्हातला चिकटा, म्हणजे ग्लुटेन, तुटायला लागतो. मग थोडी हवा तयार झाली तरी धरून ठेवायला पिठात ताकद उरत नाही. बुडबुडे येतात आणि फुटतात, बरणी वर चढत नाही. हे पातळ झालेलं खमीर बघून लोक आणखी पीठ घालून घट्ट करतात. जुनं आंबट सगळं तसंच आत राहतं आणि नवं पीठही त्याच्या संगतीनं बिघडतं.

बरणी अशा अवस्थेला आली असेल तर जुनं जवळजवळ सगळं काढून टाका. हात आखडतो, मला माहीत आहे. पण फेकायचं नाही: थालीपिठात, धिरड्यात घाला, छान कुरकुरीत होतात. बरणीत १० ग्रॅम ठेवा, त्यावर ५० ग्रॅम पीठ, ५० ग्रॅम पाणी. रोज दोनदा, असं दोन दिवस. आंबटपणा पातळ करणं हाच इलाज आहे, बाकी औषध नाही. बहुतेक बरण्या तिसऱ्या-चौथ्या वेळेला उठतात.

आता रोजचं वागणं. उन्हाळ्यात माझं माप १ भाग जुनं, ५ भाग पीठ, ५ भाग पाणी असं होतं. जुनं कमी घातलं की त्याला सगळं पीठ संपवायला वेळ लागतो. पाणी माठातलं. मेमधलं पीठ डब्यातच ३५-३६ अंशांचं असतं. त्यात माठातलं पंचवीस-सव्वीस अंशांचं पाणी पडलं की मिश्रण तिशीच्या आत येतं. फ्रिजचं बर्फगार पाणी नको, फरक फार पडतो आणि पुन्हा अंदाज चुकतो.

बरणी ताटलीत ठेवायची, ताटलीत दोन बोटं पाणी, बरणीभोवती ओलं सुती फडकं, त्याचं टोक पाण्यात. माठ जसा गार होतो तसंच हे. आपली उन्हाळ्यातली हवा कोरडी, त्यामुळे हे फडकं इमानदारीनं काम करतं. फक्त मृगाचा पाऊस पडला की त्याचा उपयोग संपतो, हवाच ओली असते. तेव्हा काढून टाका, नाहीतर फडक्यालाच बुरशी येते.

आत्याबाईंच्या गावी, औशाकडे, अजून जुनं माळवदाचं घर आहे. वर हातभर मातीचं छत, खाली देवळीत दिवसभर गारवा. एका मेमध्ये लग्नासाठी आठ दिवस तिथे राहिलो तेव्हा बरणी बरोबर नेली होती. देवळीत ठेवलेली बरणी जुन्याच मापावर, वेळेवर, शहाण्यासारखी वर यायची. शहरात परतल्यावर स्लॅबखाली दुसऱ्याच दिवशी कोसळली. पीठ तेच, बरणी तीच, हातही तेच.

ज्यांना दिवसभर बाहेर राहावं लागतं त्यांनी खमीर घट्ट ठेवावं. ५० ग्रॅम पिठाला ५० ऐवजी २५-३० ग्रॅम पाणी, पोळीच्या कणकेसारखा गोळा. घट्ट गोळ्यात सगळं सावकाश चालतं. पिठाच्या शेकडा एक-दीड भाग मीठ घातलं तरी वेग उतरतो, म्हणजे ५० ग्रॅम पिठाला अर्धा-पाऊण ग्रॅम. चिमूटभर म्हणा. हे मी फक्त १५ एप्रिल ते मृग एवढंच करते.

फ्रिजबद्दल दोन वाक्यं. रोज ब्रेड करत नसाल तर ठेवा, खाऊ घालून तासाभरानं ठेवा, आठवड्याला एकदा बाहेर काढा. पण फ्रिजमधून आलेलं खमीर पहिल्याच वेळेला उड्या मारणार नाही; दोनदा खाऊ घालेपर्यंत त्याला सुस्त म्हणू नका.

येळवसेची थंडी

येळा अमावस्येला, म्हणजे येळवसेला, लातूर-धाराशिवकडे आंबील लागते. ज्वारीचं पीठ, ताक, लसूण-जिरं, आणि रात्रभर मडक्यात आंबवणं. ही अमावस्या येते ऐन थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे आंबवण्यासाठी वर्षातल्या सगळ्यात गैरसोयीच्या रात्री. तरी दुसऱ्या दिवशी शेतात कडब्याच्या कोपीपाशी बिंदगं, म्हणजे आंबिलीचं मडकं, उतरवलं की आंबील नेमकी आंबलेली असते. मी लग्न होऊन आले तेव्हा याचं नवल वाटायचं. आत्याबाई काय करतात ते बघितलं तर सोपं होतं. मडकं चुलीशेजारच्या भिंतीला टेकवून, खाली पोतं, वर जुनी गोधडी. आणि ताक नेहमीपेक्षा जास्त.

बरणीला हेच लागू पडतं. हिवाळ्यात जुनं जास्त घाला: १ भाग जुनं, १ भाग पीठ, १ भाग पाणी. पाणी कोमट, ३०-३५ अंश, मनगटावर टाकलं तर गार-गरम काहीच न वाटणारं. मग बरणी गोधडीत. आमची बरणी थंडीत सेट-टॉप बॉक्सवर बसते. मुलांना ते हास्यास्पद वाटतं, पण त्या डब्याची ऊब रात्रभर एकसारखी असते. इन्व्हर्टरच्या डोक्यावरही चालतं. ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवत असाल तर दाराच्या मुठीला चिकटपट्टी लावून 'आत बरणी आहे' लिहा. का ते वर सांगितलंच.

परभणीच्या थंडीची बातमी दरवर्षी पेपरात येते. तिकडच्या एका मैत्रिणीची बरणी जानेवारीत दुप्पट व्हायला चौदा तास घेते. तिनं ते दुखणं मानायचं सोडलं आहे. रात्री नऊला खाऊ घालते, सकाळी अकराला कणीक मळते. माझ्या मते हेच बरं. दहा अंशांच्या रात्री पाच तासांचा हट्ट कशाला?

थंडीत एक युक्ती खरंच चालते. मोड आणून, सावलीत वाळवून दळलेलं गव्हाचं किंवा नाचणीचं पीठ, चिमूटभर. मोड येताना धान्यात पिष्टाची साखर करणारी द्रव्यं तयार होतात, यीस्टला आयती साखर मिळते. पण ते भाजलेलं नको. बाळासाठी केलेलं नाचणीसत्त्व बहुधा भाजलेलं असतं आणि भाजलं की ही द्रव्यं नासतात. थेट साखर किंवा मध घालणारेही आहेत. एकदा उसळी येते, दुसऱ्या दिवशी परत तेच.

नळाचा दिवस

ही माझ्या बरणीची कहाणी. आणि ती सोडवायला मला वर्ष लागलं.

आठ-दहा दिवसांनी एकदा बरणी अचानक मंद व्हायची. रेघ नाही, वास कच्च्या पिठाचा, हवामान ठीक. दोन दिवसांनी आपोआप सुधारायची. मी पीठ बदललं, बरणी उकळली, जागा बदलली. मग एकदा कॅलेंडरवर गॅसची तारीख बघताना लक्षात आलं की मंद दिवसांवर मी केलेल्या फुल्या आणि 'नळ' असं लिहिलेले दिवस शेजारी-शेजारी आहेत. लातूरला नळाचा दिवस कॅलेंडरवर लिहावा लागतो हे बाहेरच्यांना सांगावं लागेल. ज्या गावात २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथे नळ हा सणच आहे.

पण गुन्हेगार नळ नव्हता. नळाच्या पाण्यात असतो तेवढ्या क्लोरीननं खमिराचं फारसं बिघडत नाही. आमच्याकडे पाणी आलं की हौद भरतो आणि हौद भरला की आमचे हे त्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतात. किती? "अंदाजानं." तो अंदाज २०१६च्या टँकरच्या दिवसांतला, दहा जणांच्या कुटुंबाला पुरेल एवढा आणि वर थोडा. पहिले दोन दिवस पाण्याला पोहण्याच्या तलावासारखा वास यायचा. आम्हाला सवय झालेली, बरणीला नव्हती. जंतू मारायला टाकलेलं औषध जंतूंच्याच बरणीत मी रोज ५० ग्रॅम घालत होते.

इलाज फुकटचा. पाणी पातेल्यात उघडं रात्रभर ठेवा किंवा पाच-दहा मिनिटं उकळून गार करा, क्लोरीन निघून जातं. घाई असेल तर माठातलं दोन दिवसांपूर्वीचं पाणी घ्या. यांच्या अंदाजाला मी आता चमचा दिला आहे, तो हौदाच्या झाकणालाच बांधलाय.

बोअरचं पाणी अनेक जण संशयात घेतात. ते जड असतं, क्षारांनी चहाच्या भांड्याला थर धरतो, पण खमिराला त्यानं सहसा काही होत नाही. जारचं किंवा आरओचं पाणीही चालतं. खात्री करायची तर एकाच बरणीचे दोन भाग करून एकात बोअरचं आणि एकात उकळलेलं नळाचं पाणी घाला. बाकी सगळं सारखं ठेवा, सहा तास थांबा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी त्या वर्षी तीन गोष्टी एकदम बदलायची, म्हणून तर वर्ष गेलं.

पीठ

गिरणीतून दळण आणलं की डब्याला हात लावून बघा, चटका बसतो. असं गरम पीठ थेट बरणीत घालू नका, पसरून गार होऊ द्या. गिरणीत तुमच्या आधी कुणाचं मिरचीचं दळण असेल तर ब्रेडला चव येईल, पण खमिराला काही होत नाही; उगीच गिरणीवाल्याशी भांडू नका.

खरं बघायचं असतं ते साठवणीचे गहू. वर्षाचे गहू भरताना कुणी कडुलिंबाचा पाला घालतं, कुणी एरंडेल चोळतं, कुणी बोरिक पावडर लावतं. पाला आणि एरंडेल यांनी माझ्या बरणीचं काही बिघडलेलं मी पाहिलं नाही. बोरिक पावडरीवर मात्र माझा दात आहे. ती बुरशी मारते आणि यीस्ट बुरशीच्याच कुळातलं. एकीच्या घरी नव्या पोत्याचं दळण सुरू झालं आणि तीन दिवसांत बरणी गप्प. धुऊन, खडखडीत वाळवून दळलेल्या त्याच गव्हावर परत चालू झाली. आपल्याही पोटात तेच जात असतं, त्यामुळे गहू धुऊन दळणं बरणीसाठी नाही तरी घरासाठी करा.

नुसत्या मैद्यावर ठेवलेलं खमीर दिसायला देखणं आणि कामाला संथ. कोंड्यात क्षार असतात, जंतूंचा नवा पुरवठाही असतो. मंद मैदावाल्या बरणीला दोन वेळा नुसतं गिरणीचं पीठ घालून बघा.

ज्वारीची बरणी वर येतच नसते

"आपल्या मातीतलं करायचं म्हणून मी ज्वारीचं खमीर केलं, बुडबुडे येतात पण फुगत नाही." हा फोन वर्षातून चार-पाच वेळा येतो आणि दरवेळी मला फोन करणाऱ्याचं कौतुक वाटतं, कारण त्याची बरणी बहुधा उत्तम असते. ज्वारीत ग्लुटेन नाही. हवा धरायला पिशवीच नाही, तर पिशवी फुगणार कशी? मालदांडी घ्या की परभणी मोती, यीस्ट कितीही जोरात असलं तरी पीठ जेमतेम बोटभर वर येईल, पृष्ठभागावर भेगा पडतील, आत जाळी दिसेल. ज्वारीच्या बरणीची खूण भेगा, जाळी आणि वास. उंचीची पट्टी तिला लावायची नाही. बाजरीचंही असंच.

परीक्षा घ्यायचीच असेल तर त्यातलं चमचाभर घेऊन ५० ग्रॅम मैद्यात आणि ४५ ग्रॅम पाण्यात कालवा. मैदा फुगला तर ज्वारी निर्दोष.

यावरून भाच्याची गोष्ट आठवते. तो जर्मनीत असतो, तिथे घरी बिअर करणं छंद म्हणून चालतं. आपल्याकडे मात्र विनापरवाना करणं १९४९च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा हे फक्त ऐकायला. बिअरसाठीही यीस्ट आधी जागवून वाढवतात, त्यालाही स्टार्टरच म्हणतात. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम माल्टची भुकटी उकळून, गार करून, त्यात यीस्ट सोडायचं आणि चुंबकाच्या यंत्रावर दिवसभर ढवळत ठेवायचं. एका रात्री त्याचा फोन: "मावशी, चोवीस तास झाले, फेसच नाही. यीस्ट मेलं, पैसे गेले." मी म्हटलं, रेघ बघ. तो म्हणाला, यात रेघ नसते. मग म्हटलं, रंग बदललाय का? तो म्हणाला, आधी चहासारखा पारदर्शक होता, आता दुधाच्या कॉफीसारखा गढूळ. फ्रिजमध्ये ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी तळाशी साईसारखा पांढरट थर बसला. तेच वाढलेलं यीस्ट. फेस एकतर रात्री तो झोपलेला असताना येऊन गेला असेल किंवा सतत ढवळल्यानं टिकलाच नसेल.

त्याच्याकडून मी दोन गोष्टी उचलल्या. यीस्टचं पाकीट जुनं असेल तर त्यात जिवंत पेशी कमी उरलेल्या असतात. तेव्हा तो आधी लहान स्टार्टर करतो, त्यातून मोठा. फ्रिजमध्ये महिनाभर विसरलेली बरणी मी आता तशीच उठवते: आधी १० ग्रॅम पीठ, मग ३०, मग ८०. दुसरी गोष्ट ढवळणं. त्याचं यंत्र यीस्टला हवा पुरवतं, वाढायला प्राणवायू कामी येतो. माझ्याकडे लाकडी चमचा आहे. मंद बरणी दोन वेळांच्या मध्ये एकदा खसाखसा ढवळली तर न शिवलेलं पीठही यीस्टपर्यंत पोचतं.

नव्यानं सुरू केलेली बरणी

अगदी पहिल्यांदा पीठ-पाणी कालवून बरणी सुरू केली असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती धाडकन वर येते, घरात आनंद होतो, आणि चौथ्या दिवशी सगळं ठप्प. पहिली उसळी यीस्टची नसतेच. पिठातले दुसरेच जिवाणू वायू सोडत असतात. आंबटपणा वाढला की ते मागे पडतात, यीस्ट अजून वाढायचं असतं. मधले दोन-चार दिवस शांत जातात. रोज एकदाच खाऊ घाला, जास्त नको. सातव्या ते दहाव्या दिवशी परत हलायला लागतं. यात कुणी काही चुकलेलं नसतं, पण सर्वात जास्त बरण्या याच चौथ्या दिवशी सिंकमध्ये जातात.

टाकून कधी द्यायचं

गुलाबी किंवा नारिंगी छटा, रेघ असो की डाग, दिसली की पूर्ण बरणी टाका. वरचं काढून खालचं वाचवायचा मोह होतो, नको. निळी-हिरवी-काळी केसाळ बुरशी आली तरी तेच. बरणी उकळत्या पाण्यात घालून, उन्हात वाळवून मगच परत वापरा. सुरुवातीला सांगितलेली गुलाबी बरणी जिची होती, त्या मैत्रिणीनं थर खरवडून दोन दिवस चालवलं होतं. वास सडलेल्या भाजीचा यायला लागला तेव्हा फोन केला.

यासाठी मी दर मार्चमध्ये सुकं खमीर करून ठेवते. बरणी भरात असताना, म्हणजे दुप्पट होऊन अजून बसलेली नसताना, दोन चमचे खमीर तूपकागदावर पापडासारखं पातळ पसरायचं. उन्हात नाही, पंख्याखाली. आपल्या मार्चच्या हवेत एका दिवसात कडकडीत होतं. चुरा करून काचेच्या डबीत, वर तारीख. डबी फ्रिजमध्ये. लागेल तेव्हा चमचाभर चुरा दोन चमचे कोमट पाण्यात तासभर भिजवायचा, मग दोन चमचे पीठ. पहिल्या दोन वेळा नुसता आंबूस वास येतो, हालचाल दिसत नाही. माझी मागच्या वर्षीची डबी तिसऱ्या वेळेला, पहाटे चार वाजता, झाकण ढकलून बाहेर आली होती. ओटा पुसायला आत्याबाईच उठल्या.